सूर्योदयाआधीचा अर्धा तास

बदकांच्या शिकारीचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो सगळं बंद करा, दुसरा म्हणतो तुम्हाला यातलं काय कळतं. मला आज तिसरंच भांडण उकरून काढायचंय, वेळेचं. अमेरिकेत पाणपक्ष्यांवर बार काढायची मुभा साधारणपणे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून असते. माझ्या मते हा अर्धा तास काढून टाकायला हवा.

तिथल्याच एका शिकारी मित्राबरोबर एकदा पहाटे लपणात बसलो होतो. माझ्याकडे बंदूक नव्हती, नुसती थंडी होती. समोर प्लास्टिकची बदकं तरंगत ठेवलेली, मधे मुद्दाम मोकळी जागा सोडलेली. बदक वाऱ्याला तोंड करून उतरतं, म्हणून वारा आमच्या पाठीवर. मान वर करायची नाही, ही सक्त ताकीद. चेहरा चमकला की थवा वरच्या वर वळतो म्हणे.

आधी पंखांची शीळ ऐकू आली. मग राखाडी आभाळात पाच काळ्या आकृत्या, पंख ताणलेले, पाय पुढे काढलेले. मित्राने बंदूक उचलली आणि परत मांडीवर ठेवली. "कोण आहेत तेच कळेना," एवढंच पुटपुटला.

शेजारच्या लपणातून मात्र धाडधाड तीन बार झाले. एक पक्षी पडला. दुसरा तिरका होत लव्हाळ्यात शिरला. त्यांनी कुत्रा सोडला.

रोज किती पक्षी मारायचे याची मर्यादा तिथे जातीनुसार ठरते, मॅलार्ड या जातीच्या बदकाच्या माद्यांसाठी तर ती आणखी कडक. आणि नराचं ते सुंदर हिरवं डोकं उजेड नसला की काळंच दिसतं! मुरलेले शिकारी सांगतात, आम्ही पंखांच्या लयीवरून ओळखतो. ओळखत असतील. पण परवाना नवख्यालाही तोच मिळतो. कलहंसांचं तर आणखी अवघड. पक्षी मोठा, म्हणून लांब असूनही जवळ वाटतो. अंधुक उजेडात अंतर चुकतं आणि तो अंगात छर्रे घेऊन निघून जातो.

शिकाऱ्यांना झोडपायचा माझा हेतू नाही. १९३४ पासून ते 'डक स्टॅम्प' म्हणजे बदकांच्या शिकारीसाठी लागणारं सरकारी तिकीट विकत घेतात आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. नुसते 'लाइक' ठोकणाऱ्या आपल्यापेक्षा ते बरेच. नियम बदलता येतात हेही त्यांनीच पाहिलंय. शिशाचे छर्रे पक्षी खडे समजून गिळायचे, ते पोटात दळले जायचे आणि विष भिनायचं. १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं देशभर बंद झालं. पोलादी छर्ऱ्यांनी पक्षी पडत नाही, अशी ओरड तेव्हाही झालीच. शिकार काही थांबली नाही.

उजाडल्यावर मित्राने दोनच बार काढले. दोन्ही नर, दोन्ही समोरच्या मोकळ्या पाण्यात पडलेले. शेजारचा कुत्रा तेव्हाही लव्हाळ्यात हुंगत फिरत होता.