वॉकर सोडायची एवढी घाई काहून?

खुब्याचा सांधा बदलून माणूस घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "वॉकर सुटला का?" पंधराव्या दिवशी कोणी हातात काही न धरता हॉलमधून चालून दाखवलं की घरभर कौतुक होतं, नातेवाइकांच्या ग्रुपवर व्हिडिओ जातो. तो व्हिडिओ एकदा नीट पाहा. दर पावलाला कंबर खाली जाते अन् खांदा ऑपरेशनच्या पायाकडे झुकतो. हे लंगडणं आहे. महिनाभर असंच चाललं की तीच चाल अंगवळणी पडते आणि नंतर मोडायला फार जड जाते. माझं मत विचाराल तर आधार लवकर सोडण्यात काहीही बहादुरी नाही.

यामागचं कारण समजून घ्या. कमरेच्या बाजूला, खुब्याच्या हाडाच्या वर ग्लुटिअस मीडिअस नावाचा स्नायू असतो. एका पायावर उभं राहिल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडू नये, हे त्याचं काम. खुबा वर्षभर दुखत असेल तर माणूस तो पाय वाचवत चालतो, त्यामुळे हा स्नायू ऑपरेशनच्या आधीच वाळलेला असतो. शिवाय काही पद्धतींत सर्जनला सांध्यापर्यंत पोचण्यासाठी त्याचाच काही भाग सोडवून पुन्हा शिवावा लागतो. नवा सांधा सहसा पहिल्या दिवसापासून वजन पेलतो, स्नायूला मात्र महिने लागतात. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 175 किलोच्या आसपास. काठी विरुद्ध हातात, म्हणजे चांगल्या पायाच्या बाजूला धरली की या स्नायूला कमी ओढावं लागतं आणि भार उतरतो. आपल्याकडे बरेच जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि मग काठीच लंगडायला शिकवते. काठीची उंची पाहायची तर चपला घालून सरळ उभं राहा, हात मोकळा सोडा. मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे.

आधार कधी सोडायचा, हे कॅलेंडर पाहून ठरवू नका. डॉक्टरांनी पूर्ण वजन टाकायची परवानगी दिली असेल तर ओट्याला दोन्ही हात हलके टेकवा आणि चांगला पाय जमिनीवरून थोडा उचला. घरातल्या कोणीतरी मागून कमरेकडे पाहावं. उचललेल्या बाजूची कंबर खाली पडत असेल किंवा अंग ऑपरेशनच्या पायाकडे कलत असेल तर काठी राहू द्या. दहा सेकंद कंबर सपाट राहिली तर आधी घरात काठीशिवाय चाला, बाहेर आणखी काही दिवस ती हातात असू द्या.

व्यायामाआधी सर्जनला एक प्रश्न विचाराच: ऑपरेशन मागून केलं, बाजूने की पुढून? तुमच्यावरची बंधनं यावर ठरतात. मागून केलं असेल तर पहिले सहा ते बारा आठवडे खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पंजा आत वळवायचा नाही. पुढून केलं असेल तर पाय मागे ताणणं आणि बाहेर वळवणं जपून करावं लागतं. बाजूने केलं असेल तर पाय बाजूला उचलायचा व्यायाम सहसा सहा आठवडे थांबवतात, कारण शिवलेला स्नायू उसवू शकतो. म्हणून शेजारच्या काकांचा व्यायामाचा कागद झेरॉक्स करून वापरू नका.

पहिले दोन आठवडे काम साधं अन् कंटाळवाणं असतं, म्हणूनच ते टाळलं जातं. जागे असाल तोवर दर तासाला 15-20 वेळा घोटे वर-खाली करायचे. पोटरीत रक्त साकळू नये म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं. गुडघा गादीत दाबून मांडी आवळायची आणि पाच सेकंद धरायची. नितंब आवळायचे, तेही पाच सेकंद. टाच गादीवरून घसरवत गुडघा जवळ आणायचा, पण ठरलेल्या कोनापलीकडे नाही. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा. चालणं 5 ते 10 मिनिटांचं, दिवसातून तीन-चारदा. एका दमात अर्धा तास चालून संध्याकाळी पाय सुजवून बसण्यापेक्षा हे बरं. वॉकरचा क्रम लक्षात ठेवा: आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. वळताना त्या पायावर गिरकी घेऊ नका, छोटी छोटी पावलं टाकत वळा.

तिसऱ्या आठवड्यापासून ओटा धरून उभ्याचे व्यायाम सुरू होतात: गुडघा कमरेच्या खाली राहील इतकाच उचलणं, आणि परवानगी असेल तर पाय सरळ ठेवून बाजूला आणि मागे नेणं. गंमत म्हणजे बाजूला नेताना बहुतेक जण अंगच दुसरीकडे कलंडवतात आणि पाय खूप वर गेला म्हणून खूश होतात. पाय वीतभरच जाऊ दे, पण धड हलता कामा नये. पंजा समोर ठेवा. तो बाहेर वळला की मांडीच्या पुढचे स्नायू काम करून टाकतात आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो झोपलेलाच राहतो. सहा आठवड्यांपर्यंत चालणं हळूहळू 20-30 मिनिटांवर न्यायचं, दिवसातून दोनदा.

किती दुखलं तर चालेल? व्यायामानंतर ओढल्यासारखं वाटलं आणि तासाभरात उतरलं तर ठीक. रात्री झोप उडाली किंवा दुसऱ्या दिवशी पाऊल टाकणं जड झालं तर निम्मं करा, बंद करू नका. संध्याकाळी पाय सुजणं काही महिने चालतं. तो पाय लांब झाल्यासारखं पहिल्या दोन-तीन महिन्यांत अनेकांना वाटतं; बरेचदा ते स्नायू आखडल्याने असतं, म्हणून घाईघाईने दुसऱ्या चपलेला टाच लावून घेऊ नका.

आता घर. बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहिला पाहिजे. म्हणजे बहुतेकांना 18 ते 20 इंच उंचीची, हात असलेली, घट्ट खुर्ची हवी. खोल सोफा नको, प्लास्टिकची हलकी खुर्ची तर नकोच. उठताना तिचे पाय फरशीवर सरकतात. कमोडवर चार ते सहा इंचांची उंच सीट बसवा. ती, वॉकर आणि काठी नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या सर्जिकलच्या दुकानांत मिळतात. देशी संडास, पाट, मांडी घालून पूजा, वाकून नमस्कार हे सगळं किमान तीन महिने बंद आणि नंतरही विचारूनच. मोठ्यांना नमस्कार उभ्यानेच करा, आशीर्वाद कमी पडत नाही. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांचे उंबरठे वॉकरला अडतात, म्हणून झोपण्याची खोली आणि संडास एकाच पातळीवर येतील अशी सोय ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा.

आपल्या उन्हाळ्याचंही सांगितलं पाहिजे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा फुटाळा तलावावर फिरायला जाण्याचा हट्ट नको, हॉलमध्येच चाला. कूलरखाली गळालेलं पाणी आणि आडवी पडलेली वायर हे घरातले दोन मोठे धोके आहेत. शरीरात पाणी कमी पडलं की रक्त साकळण्याची भीती वाढते. हृदय-किडनीसाठी पाण्यावर बंधन नसेल तर भरपूर प्या. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तरुण वयातच ऑपरेशन करावं लागणारे रुग्णही आहेत. त्यांनी पाण्याची हयगय अजिबात करू नये. आणि आधार झुगारून देण्यात हीच तरुण मंडळी पुढे असतात.

मालिशवाल्या बाईंना काही महिने सुट्टी द्या. पोटरीत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. जखमेवर तेल, हळद काही नाही. रक्त पातळ करणारी गोळी बरेचदा 28 ते 35 दिवस असते, ती मनाने बंद करू नका आणि तिच्या जोडीला मेडिकलमधून वेगळी पेनकिलर आणू नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

पोटरी एकाच बाजूला सुजून कडक झाली, दुखू लागली किंवा जखमेतून पाणी आलं, ताप आला, लाली वाढत गेली, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर वाट न पाहता 108 ला फोन करा. कट्ट असं होऊन प्रचंड कळ आली, पाय आखूड दिसू लागला, वजन टाकताच येईना, तर सांधा निखळलेला असू शकतो. तिथे ओढाताण करून कोणीही पाय सरळ करायला जाऊ नये. आहे तसाच उशांच्या आधाराने ठेवा, खायला-प्यायला देऊ नका आणि 108 बोलवा.

राहिली गाडी. कारमध्ये पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, सीट खोल असेल तर उशी ठेवा, वर प्लास्टिकची पिशवी अंथरा. आधी बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवा. पिशवीमुळे अंग सहज फिरतं, निघताना ती काढून घ्या. स्वतः चालवणं साधारण सहा आठवड्यांनंतर, तेही जोरात ब्रेक दाबता येत असेल आणि सर्जनने होकार दिला असेल तरच. दुचाकी, मागे बसूनसुद्धा, तीन महिन्यांच्या आत नको. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यात पाय टेकवायची वेळ आली तर तो कसा टेकेल याचा भरवसा नाही.