बर्फात जायचंय? नाताळ नको, ईस्टरनंतर जा

गोव्यातून बर्फाची सुट्टी ठरवताना सगळे आधी नाताळची रजा बघतात. क्रॉस-कंट्री स्कीइंगसाठी, म्हणजे सपाटीवर स्वतःच्या पायांनी सरकत मैलोन्‌मैल जाण्यासाठी, नॉर्वेतलं हार्डांगरविड्डा पठार गाठणार असाल, तर हा बेत मोडा. डिसेंबरअखेर तिथे उजेड जेमतेम सहा तास. एप्रिलच्या सुरुवातीला तेरा तासांच्या वर. आणि तोवर बर्फही दबून घट्ट झालेला असतो.

२०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे. मात्र ऐन तो आठवडा टाळा; अर्धी नॉर्वे डोंगरात असते, खोली मिळत नाही, गुड फ्रायडेला बहुतेक दुकानं बंद. लगेच पुढचा आठवडा धरा. पहिले दोन-तीन दिवस पठाराजवळच्या याइलो गावात, यंत्रानं बर्फात आखलेल्या चरांमध्ये रोज ८-१० किलोमीटर. मग ऑस्लो-बर्गेन रेल्वेनं फिन्सेला. हे स्टेशन १२२२ मीटरवर आहे आणि तिथे मोटाररस्ताच नाही.

स्की भाड्यानं घेताना उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं, पाठपिशवीसकट सांगा. (इथे लाजून पाच किलो कमी सांगणारे पुढे आठवडाभर भोगतात.) स्कीला मधे कमान असते. पाय जोरात दाबला की तळाचा मधला, माशाच्या खवल्यांसारखा खडबडीत भाग बर्फाला टेकून पकड देतो, भार हलका झाला की वर उचलला जातो. स्की मऊ पडली तर खवले सतत घासतात, कडक असली तर चढावर पाय मागे घसरतो. दुकानातच कठीण फरशीवर तपासा: दोन्ही स्कींवर सारखा भार असताना पायाखालचा कागद सरकला पाहिजे, एकीवर सगळा भार दिल्यावर अडकला पाहिजे. तापमान शून्याजवळ असताना ताजा ओला बर्फ खवल्यांत गोठून चिकटतो. त्यासाठी बर्फ न चिकटणारं मेण खिशात ठेवा.

कपड्यांत सुती बनियन आधी बाहेर काढा. घामानं भिजलं की सुकत नाही आणि थांबल्याबरोबर अंग गारठतं. आत पातळ लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. फुगीर जाकीट पिशवीत, फक्त थांबल्यावर घालायला. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. टाचेला चिकटपट्टी आधीच लावा, फोड आल्यावर काय उपयोग? चेहऱ्याला खोबरेल नको (ते बाटलीतच दगड होतं), सनस्क्रीन लावा, हनुवटीखालीही. ताजा बर्फ ऊन खालून परत फेकतो.

खरा धोका वाऱ्याचा. पठारावर आडोशाला झाड नाही. अंदाजात वारा मीटर प्रति सेकंदात देतात; १० म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. उणे १० अंशात तो अंगाला उणे २० सारखा झोंबतो, आणि बर्फ उडू लागला की वाट दाखवणारी पुढची काठी दिसेनाशी होते. पुढची काठी दिसत नसेल, तर मागची दिसतेय तोवरच वळा.