टाकीसाठी स्लॉश का दिला नाही: दोन तारे देणाऱ्या ग्राहकांना उत्तर

नमस्कार साहेब,

स्वतः बांधत असलेल्या विमानासाठी आमच्या दुकानातून घेतलेल्या मालाबद्दलचा तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. तक्रारी चार आहेत: विमानाची इंधनटाकी गळत असूनही आम्ही स्लॉश, म्हणजे टाकीत आतून फिरवायचा पातळ लेप, दिला नाही; कालवल्यावर दोन तास वापरता येईल असं डब्यावर लिहिलेलं सीलंट (सांधे बुजवायचा लगदा) पाऊण तासात घट्ट झालं; आधी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) विकला आणि मग ‘सगळीकडे मारू नका’ म्हणालो; आणि भाव फार.

स्लॉश आम्ही ठेवतच नाही आणि पुढेही ठेवणार नाही. तयार टाकीत पातळ लेप ओतायचा, टाकी चहूबाजूंनी फिरवायची, उरलेला काढून टाकायचा. काम झटपट होतं म्हणून मोह पडतो, हे मला कळतं. पण तो लेप बसतो जुन्या सीलंटवर आणि पेट्रोलने माखलेल्या पत्र्यावर. तिथे तो धरत नाही. काही वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटतात आणि इंधनाच्या जाळीवर जाऊन बसतात. सुटे भाग घेऊन स्वतः जोडायच्या, म्हणजे किटच्या, आरव्ही विमानांच्या टाक्यांत हेच झालं, आणि किट बनवणाऱ्यांनी स्लॉश वापरायला सांगणं बंद केलं. त्यात आता आपल्या पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या प्रकारचे स्लॉश इथेनॉलमध्ये मऊ पडतात. जाळी तुंबली की इंजिन हवेत बंद पडतं. एवढं माहीत असताना मी तो डबा तुमच्या हातात कसा देऊ?

गळती आतूनच बंद करावी लागते. टाकीचं झाकण उघडायचं, गळणारा रिव्हेट (पत्रे जोडणारी खिळी) किंवा जोड शोधायचा, तिथलं जुनं सीलंट खरवडून काढायचं, पत्रा घासून एमईके या सॉल्व्हंटने पुसायचा आणि पॉलीसल्फाइड, म्हणजे इंधनाला टिकणारं सीलंट, पुन्हा भरायचं. कंटाळवाणं काम आहे, हात काळे होतात, पण ते टिकतं. तुम्ही मधल्या काळात हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन लावून पाहिलंत असं लिहिलंय. ते कृपया पूर्ण काढा. त्याला येणारा व्हिनेगरसारखा वास ॲसिटिक ॲसिडचा असतो. ते ॲल्युमिनियम खातं, आणि सिलिकॉन स्वतः पेट्रोलमध्ये फुगतं. त्याचा अंश राहिला तर वर काहीच चिकटणार नाही.

आता दोन तासांचं. तुमच्या सीलंटचा प्रकार बी-2, त्यातला 2 म्हणजे कालवल्यावर वापरायला मिळणारे दोन तास, आणि ते 25 अंश तापमानाला धरलेले असतात. तुम्ही ते मे महिन्यात, दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये कालवलंत. उन्हाळ्यात ती मुदत निम्म्याहून खाली येते, दमट हवेत आणखी कमी होते. माल जुना नव्हता. डब्यावरची तारीख तुम्ही स्वतः पाहून घेतली होती. सकाळी लवकर, वजनकाट्यावर मोजून, एका जोडाला पुरेल एवढंच कालवा.

प्रायमरबद्दल मी दोन तोंडांनी बोललो असं तुम्हाला वाटलं. तुमचा पत्रा 2024-टी3 अल्क्लॅड, म्हणजे वरून थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा थर असतो, जाडीच्या साधारण 5 टक्के, आणि तोच गंजापासून राखतो. हा थर जिथे तुटतो तिथे, म्हणजे कापलेल्या कडा, भोकं, ओरखडे, आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे, इपॉक्सी प्रायमर हवाच. उरलेल्या आतल्या भागावर मारलात तर कोरड्या हवेत फायदा थोडा आणि वजन मात्र कायमचं. तुम्ही विमान समुद्रकाठी ठेवणार असतात तर मीच सगळीकडे मारायला सांगितलं असतं. टाकीच्या आत मात्र कुठेच नाही. सीलंटला उघडा, घासलेला पत्रा लागतो.

भाव जास्त आहे, खरं आहे. हा माल बाहेरून येतो, थंड जागेत ठेवावा लागतो, आणि मुदत संपलेला मी विकत नाही, फेकतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. बाहेरचा पॉलीयुरेथेन रंग शेडमध्ये स्वतः फवारणार असाल तर साधा मास्क चालणार नाही. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं. बाहेरून हवा पुरवणारा मास्कच हवा. आणि रंगानंतर एलेरॉन व एलिव्हेटर, म्हणजे पंखाच्या आणि शेपटीच्या हलणाऱ्या फळ्या, पुन्हा तोलून घ्या. मागच्या कडेला वाढलेलं थोडंसं वजनही फ्लटरला, म्हणजे वेगात त्या फळ्यांच्या धोकादायक फडफडीला, आमंत्रण देतं.

कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभं केलं, ते आपण सगळ्यांनी 2016 मध्ये पाहिलं. तुम्हीही त्याच जिद्दीने बांधताय, म्हणून एवढं लिहिलं. टाकी घेऊन या. कॉम्प्रेसर न लावता, तोंडाला फुगा बांधून 1 पीएसआय दाबापर्यंतच, म्हणजे अगदी हलकी, हवा भरू आणि साबणाच्या पाण्याने गळती कुठे आहे ते तुमच्यासमोर शोधू. त्याचे पैसे घेणार नाही. येताना झाकणाचे स्क्रू घट्टच राहू द्या, नाहीतर हवा तिथूनच निघून जाईल.