झेरॉक्स काढायला लावतात, हे खरंच, पण कशाची?

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी दिलेल्या 'पहिली इंटर्नशिप तालुका कोर्टात करा' या सल्ल्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत: तिथे झेरॉक्सपलीकडे काम देत नाहीत, पैसे मिळत नाहीत, आणि त्यापेक्षा मुंबईतल्या एखाद्या फर्ममध्ये वीस आठवडे सलग काढलेले बरे.

शेवटचा आधी घेऊ. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवडे इंटर्नशिप आहे, इथवर तुमचं बरोबर. पण खालचं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, सुटलं. कुठल्याही वर्षी सलग चार आठवड्यांहून जास्त चालत नाही, आणि खालच्या कोर्टात व अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी जावंच लागतं. ते शेवटच्या सत्रावर ढकललं की मग सहीपुरता वकील शोधत फिरण्याची वेळ येते.

पैशांबद्दलची तक्रार रास्त आहे; नियमात विद्यावेतनाची सक्तीच नाही. तुम्ही दिलेले महिन्याला २०,००० (शहरात) आणि १५,००० (ग्रामीण भागात) रुपये हे आकडे मात्र बार कौन्सिलच्या ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकातले, सनद (वकिलीचा परवाना) मिळालेल्या कनिष्ठ वकिलांसाठीचे, आणि तीही नुसती शिफारस.

आता झेरॉक्स. चार प्रतिवादी असलेल्या दाव्याचे सहा संच लागतात: कोर्टाला एक, प्रत्येक प्रतिवादीला एक, ऑफिसच्या फाइलला एक. मशीनपाशी उभे आहातच तर पानं वाचा. दावा, त्याखालचं सत्यापन (मजकूर खरा असल्याची सही), मनाईचा अर्ज (ज्याला सगळे 'निशाणी ५' म्हणतात), त्याचं प्रतिज्ञापत्र, कागदयादी, वकीलपत्र. यादीत सातबारा तिसरा आणि संचात पाचवा लागला असेल तर दाखल करतानाच टेबलावर आक्षेप निघतो आणि तो दिवस गेला. ही चूक तुम्ही आधी पकडलीत तर दुसऱ्या दिवशी यादी तुम्हालाच करायला देतील, अशी बरीच शक्यता आहे.

बहुतेकांचे आठवडे वाया जातात ते वकिलांच्या मागे फिरण्यात. या कोर्टातून त्या कोर्टात, सगळीकडे पुढची तारीख, आणि हाती काही नाही. त्याऐवजी एका फाइलच्या मागे लागा. पहिल्याच दिवशी निकाल लागलेली एक दिवाणी फाइल मागून घ्या आणि दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे (कोर्टाने ठरवलेले वादाचे प्रश्न), सरतपासाचं प्रतिज्ञापत्र (साक्षीदाराची स्वतःची साक्ष), उलटतपास, निकाल या क्रमाने वाचा. शेजारी रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद) ठेवा, म्हणजे मधली वर्षं कशात गेली ते दिसतं. सोबत एक चालू प्रकरण धरा. त्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर टाकला की उद्या ते कशासाठी लागलंय ते आदल्या संध्याकाळीच कळतं.

आणि मे महिना टाळा! परीक्षा संपली म्हणून सगळे तेव्हाच जातात, नेमकी तेव्हाच दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते. रिमांड आणि जामीन तेवढे चालतात. मग 'काहीच काम नव्हतं' हे ओघानेच आलं. जूनचा दुसरा आठवडा उलटल्यावर जा.

'नुसती सही आणली तरी भागतं' असंही तुम्ही लिहिलंय. भागतं, तोंडी परीक्षेपर्यंत. प्रात्यक्षिकाच्या पेपरात अभिरूप न्यायालयाला (मूट कोर्ट) ३०, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहून केलेल्या नोंदींना ३०, पक्षकाराची मुलाखत व खटल्यापूर्वीच्या तयारीला ३०, आणि तोंडीला १० गुण. इंटर्नशिपच्या डायरीत 'आज युक्तिवाद ऐकला, खूप शिकायला मिळालं' एवढंच असेल तर परीक्षकाने विचारायचं तरी काय? तीच नोंद अशी करता येते:

'नि. ५ वर युक्तिवाद. वादीचं म्हणणं, ताबा आमचा, आधार सातबारा. प्रतिवादीचं म्हणणं, ताबा आमचा. न्यायाधीशांचा प्रश्न: पीकपाहणीला नाव कोणाचं? वादीच्या वकिलांनी उतारा दाखल करायला मुदत मागितली. खर्चासह मंजूर.'

पक्षकारांची नावं डायरीत नकोत, 'वादी', 'प्रतिवादी' पुरे. कोर्टात काळा कोट, काळा टाय. गळ्यातला पांढरा बँड लावू नका, तो सनद मिळाल्यावर. प्रमाणपत्रावर 'एक महिना' असं मोघम न लिहिता सुरुवातीची आणि शेवटची तारीख, वकिलांचा सनद क्रमांक आणि कामाचं स्वरूप घालून घ्या, आणि ते शेवटच्या दिवशीच घ्या. नंतर त्यासाठी चार खेपा होतात.

फर्मला माझा विरोध नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी जरूर जा. तिथे कराराचा मसुदा तपासायला दिला, तर त्यातलं वादनिवारणाचं कलम उद्या कुठल्या टेबलावर अडेल, ते तुम्हाला ठाऊक असेल.