पाचवं चाक

"पिकअप ट्रकला फिफ्थ व्हील बसवायचंय," असं मी जाहीर केलं, तेव्हा स्वयंपाकघरातून बायकोचा प्रश्न आला, "का? स्टेपनी नाहीये?"

तिची चूक नव्हती. वाळवा तालुक्यात वाढलेल्या माणसाला पाचवं चाक म्हणजे स्टेपनीच. मी पार घोडागाडीपासून सुरुवात केली. पूर्वी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं चाक बसवायचे, ते पाचवं. आता ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर जो लोखंडी जबडा बसवतात, त्याला तेच नाव चिकटलंय. कॅम्पिंगच्या ट्रेलरच्या नाकाखाली दोन इंच जाडीची किंगपिन असते, ती त्या जबड्यात अडकते.

"म्हणजे स्टेपनी नाही," असं म्हणून ती पोह्यांकडे वळली.

ट्रक दुसऱ्याने वापरलेला, त्यात ओहायोतला. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ फेकतात आणि त्याने गाड्यांचं पोट गंजतं. विकणारा म्हणाला होता, "थोडा सर्फेस रस्ट आहे." स्थळाकडचे 'मुलगा जरा तापट आहे' म्हणतात ना, अगदी त्या सुरात. शिवाय हौदा साडेसहा फुटांचाच. इतक्या आखूड हौद्यात ट्रेलर करकचून वळला की त्याचं नाक केबिनच्या मागच्या काचेत शिरू शकतं. म्हणून मागे सरकणारा हिच, म्हणजे तो जबडा, घ्यावा लागला. तो जास्त महाग आणि उचलायला जास्त जड. दोघांनी मिळून गॅरेजपर्यंत आणताना आम्हाला तीनदा तो खाली ठेवावा लागला आणि एकदा एकमेकांशी बोलणं बंद करावं लागलं.

शनिवारी सकाळी माहितीपत्रक उघडलं. पहिलीच सूचना: गाडीखालची स्टेपनी काढा.

म्हणजे पाचवं चाक बसवायचं, तर आधी पाचवं चाक काढायचं. हे मी घरात सांगायला नको होतं.

स्टेपनी हौद्याखाली केबलला टांगलेली असते. बंपरच्या वरच्या भोकातून दांडा घालून फिरवला की ती हळूहळू खाली उतरते. आमची मिठाने जागीच धरली होती. तेल मारलं, हातोडा मारला, दांड्यावर लोंबकळलो. दोन तासांनी मी पाणी प्यायला आत गेलो आणि ती एकटीच धप्पकन खाली आली.

तेवढ्यात शेजारचे रिटायर्ड काका फोल्डिंग खुर्ची घेऊन हजर. गावातला पार काय, अमेरिकेतही असतो. फक्त जो तो आपापला घेऊन येतो.

मग भोकं. ज्या ट्रकचे अजून चौतीस हप्ते बाकी आहेत, त्याच्या हौद्याला स्वतःच्या हाताने भोकं पाडणं हा अनुभव वेगळाच. पहिलं सुरेख पडलं. दुसऱ्यावर ड्रिल टेकवलं, तशी खुर्चीतून पृच्छा झाली, "खाली काय आहे ते बघितलंस?" मी गाडीखाली आडवा होऊन बघितलं. ब्रेकची नळी होती. दोन बोटांवर. त्या दिवसापासून काकांना मी आपणहून चहा नेऊन देतो.

दुपारी गावाकडून चुलतभावाचा फोन. मी कंसपट्ट्या, चॅसी, टॉर्क रेंच, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या लावतो मी. पिन टाकली की निघालो कारखान्याला. तू काय रॉकेट जोडतोयस काय?" मी म्हटलं, रेंज नाहीये.

कामाला एक दिवस धरला होता. दोन शनिवार आणि एक रविवार गेला. अखेर ट्रेलर जोडायची वेळ आली. मागचं फाळकं खाली पाडलंय हे चारदा पाहिलं, कारण ते उभं ठेवून गाडी मागे घेतली की ट्रेलर ते दुमडून टाकतो. बायको मागे उभी राहून ओरडत होती, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बास!" खाडकन जबडा मिटला. सात पिनांचा प्लग लावला, ट्रेलरचे ब्रेक दाबून धरले आणि ट्रक हलकेच पुढे ओढून पाहिला. जबडा सुटला नाही. काकांनी टाळ्या वाजवल्या आणि खुर्ची मिटली.

पुढच्या शुक्रवारी निघालो. हायवेवर तीस मैल झाले असतील. मुलं मागे झोपलेली. ती थर्मासमधून चहा ओतता ओतता थांबली.

"अरे, ती स्टेपनी परत लावलीस ना?"

पुढचा एक्झिट चार मैलांवर होता.