एका पानात बसवा

जन्मभर दुसऱ्यांची खाती लिहिलेल्या बाईला स्वतःबद्दल लिही म्हणणं हा निव्वळ छळ आहे. मी अकाउंट्सवाली. आमच्याकडे जमा असते, नावे असते, दोन्ही बाजू जुळल्या की माणूस डबा उघडतो. रेझ्युमेत मात्र सगळं जमाच. नावे टाकायला रकानाच नाही.

माझा जुना रेझ्युमे कोर्टाजवळच्या डीटीपीवाल्याने केलेला. त्याच्याकडे फाइल एकच, गिऱ्हाईक आलं की नाव बदलायचं आणि प्रिंट काढायची. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्यांना 'चॅलेंजिंग' वातावरणात काम करायची इच्छा होती. खाली वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, टायपिंग इंग्रजी ४० मराठी ३०, एमएस-सीआयटी; छंद वाचन आणि रांगोळी. आणि सगळ्यात शेवटी, 'वरील माहिती खरी आहे', स्थळ, दिनांक, सही.

"आई, हे नोकरीसाठी आहे की लग्नासाठी?" म्हणत लेकीने आधी वडील उडवले, मग नवरा, मग सही.

"वडिलांचं नाव काढलं?" सासरे पेपरामागून म्हणाले. "मग कुठल्या घरातली आहे ते कळणार कसं?"

पुढे क्रियापदांची पाळी आली. 'टॅलीत एंट्र्या केल्या' हे फार गरीब दिसतं म्हणे. तिथे 'आर्थिक व्यवहारांचं नेतृत्व केलं' असं आलं. व्हाउचरचं नेतृत्व कसं करतात देव जाणे. ती पंच करून फाइलला लावतात एवढंच मला माहीत.

"आणि आकडे हवेत. कंपनीचे किती टक्के वाचवलेस?"

आता काय सांगू? १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला, तेव्हा गोडाऊनमधल्या शिल्लक मालाची व्हॅटची बिलं मी खोक्यांतून उपसून काढली होती. एकेका वस्तूचा एचएसएन कोड, म्हणजे वर्गवारीचा नंबर, शोधत बसले होते, आणि मालक दर तासाला येऊन विचारायचे, "मॅडम, आपला माल १८ मध्ये की २८ मध्ये?" याचे टक्के कसे काढायचे? त्यानंतर दर महिन्याच्या २० तारखेच्या आत थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, भरलं, लेट फी कधी लागू दिली नाही. पण न लागलेली लेट फी कुठल्या खात्यात दाखवतात?

"लेट फी शून्य! आला की आकडा!" लेक म्हणाली. पोरगी हुशार आहे, कबूल करायला हवं.

मग तिने दोन रकान्यांचा निळा, देखणा साचा आणला. डावीकडे कौशल्यं आणि छंद, उजवीकडे अनुभव. रेझ्युमे आधी माणूस नाही, सॉफ्टवेअर वाचतं, हे आम्हाला अर्ज भरताना कळलं. काही सॉफ्टवेअर दोन रकाने सरळ आडवे वाचत सुटतं. फाइल चढवल्यावर फॉर्म आपोआप भरला : मागील कंपनी – रांगोळी. पद – वाचन. म्हणजे फाइल देऊनही सगळं पुन्हा हातानेच टाइप करायचं. मग फाइल मागता कशाला?

शेवटचा चौकोन अपेक्षित पगाराचा, लाल फुलीचा. रिकामा सोडला तर पुढे जाऊ देईना. सासऱ्यांनी एक आकडा सांगितला, लेकीने त्याच्या तिप्पट. दोघांचं जुंपलं. मी कॅल्क्युलेटर काढून सरासरी काढली, दहाच्या पटीत आणली आणि 'सबमिट' दाबलं. तेवढ्यात नवऱ्याने विचारलं, "हा आकडा पीएफ धरून की सोडून?"