क्युबाला मदत करणं गुन्हा नाही

परळच्या आमच्या मदतफेरीनंतर एक मेसेज फिरतोय: ‘क्युबावर संयुक्त राष्ट्रांची बंदी आहे, मदत दिलीत तर पोलीस केस होईल.’ हे साफ खोटं आहे. बंदी अमेरिकेची, १९६२ पासूनची. उलट संयुक्त राष्ट्रांची आमसभा १९९२ पासून ती उठवा असे ठराव करत आलीय आणि भारत त्यांच्या बाजूनं मत देतो.

अडचण आहे, पण वेगळी. क्युबात माल उतरवलेल्या जहाजाला अमेरिकी कायद्यानुसार १८० दिवस अमेरिकेच्या बंदरात मालाची चढउतार करता येत नाही, म्हणून जहाज कंपन्या कचरतात. क्युबात घरोघरी रेशनचं पुस्तक असतं, पण त्यावरचा तांदूळ वेळेवर मिळेलच असं नाही.

काल एका आजींनी घाबरून साबणाच्या चार वड्या परत नेल्या. आजी, निर्धास्त या, खोका अजून उघडाच ठेवलाय.